मुंबईचे ‘स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड सोशिऑलॉजी’ आणि कर्जत-खालापूरचे कातकरी : एका संयुक्त संशोधनसंस्थेचा इतिहास

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बहुविद्याशाखीय संस्थांचा पुरस्कार केल्यापासून सामाजिक शास्त्रांचे निरनिराळे विभाग एका छत्राखाली आणावेत की काय, ही चर्चा विद्यापीठांतून पुन्हा सुरू झाली आहे. या चर्चेत जी उदाहरणे दिली जातात ती बहुधा परदेशांतील असतात. हेग येथील सामाजिक अभ्याससंस्था २००९ साली रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठात विलीन झाली, तिचा दाखला वारंवार ऐकू येतो. परंतु मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांचे एकत्रित अध्यापन व संशोधन करणारी संस्था शंभर वर्षांपूर्वीच उभी राहिली होती, आणि पुढे तिचे दोन स्वतंत्र विभाग झाले, ही घटना मात्र आपल्या स्मरणातून जवळजवळ गेलेली आहे. प्रस्तुत लेखात या संस्थेच्या इतिहासाचा विचार करावयाचा आहे. पण तो तिच्या कार्यालयीन दप्तराच्या आधारे नव्हे, तर मुंबईहून लोहमार्गाने सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या कर्जत आणि त्याला लागून असलेल्या खालापूर या दोन तालुक्यांत उभे राहून. संयुक्त संस्थेची परीक्षा तिच्या पाटीवरून होत नाही. ज्या प्रश्नाचे दोन शास्त्रांत तुकडे होतात तो प्रश्न तिला अखंड दिसला काय, यावरून ती होते. कर्जत-खालापूरच्या कातकऱ्यांचा प्रश्न अशाच जातीचा आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. पहिली साठ वर्षे ते प्रामुख्याने परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. अध्यापन महाविद्यालयांनी करावे अशी वाटणी होती. संशोधनाची निकड मात्र त्या काळातच भासू लागली होती. डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची केलेली पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली, ती विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय मालेतील पहिला ग्रंथ म्हणून. कानिटकरांच्या साहाय्याने केलेली जातेगाव बुद्रुकची पाहणी १९२१ साली त्याच मालेत आली. मॅन हे शेतकी रसायनाचे अभ्यासक. जमिनीचे तुकडे, कर्ज आणि कुटुंबाचा जमाखर्च त्यांनी एकाच गावात एकत्र मोजला. म्हणजे संयुक्त संस्था निघण्यापूर्वीच संयुक्त दृष्टीचा एक नमुना विद्यापीठाच्या पदरी होता.

१९१९ साली विद्यापीठाने नागरिकशास्त्र व समाजशास्त्र यांचे अध्यासन निर्माण करून त्यावर पॅट्रिक गेडिस यांची नेमणूक केली. योगायोग असा की, कर्जत येथील भातसंशोधन केंद्राचा आरंभही १९१९ चाच. गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ पासून हिंदुस्थानात नगररचनेची कामे करीत फिरत होते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले याच्यापासून घेतलेली ‘स्थळ, काम, लोक’ ही त्रिपुटी त्यांच्या विचाराचा कणा होती. तिचे चित्ररूप म्हणजे त्यांचा प्रसिद्ध ‘खोऱ्याचा छेद’. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एक रेषा ओढावी; तिच्यावर वरून खाली लाकूडतोड्या, शिकारी, धनगर, शेतकरी, बागाईतदार आणि कोळी असे व्यवसाय ओळीने बसतात, आणि प्रत्येक व्यवसायाबरोबर त्याची कुटुंबपद्धती, वस्ती व चालीरीती येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मांडणीत अर्थव्यवहार एका शास्त्राचा आणि समाजव्यवहार दुसऱ्याचा असा भेद करण्यास जागाच नव्हती.

गेडिस यांनी कर्जतकडे कधी पाहिले की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. मुद्दा असा की, त्यांच्या छेदाचे इतके जवळचे आणि इतके स्पष्ट उदाहरण मुंबईच्या परिसरात दुसरे क्वचितच सापडेल. राजमाचीच्या बाजूने उतरणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणकडे आणि पुढे वसईच्या खाडीस जाते. खालापुरातील पाताळगंगा धरमतरच्या खाडीकडे वळते. माथ्यालगतच्या रानात ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी. खाली भातखाचरांच्या पट्ट्यात कुणबी, मराठे व आगरी. खाडीच्या तोंडी कोळी. या चित्रात अर्वाचीन भरही पडली होती. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर चढली, १९१५ साली खोपोलीचे आणि १९२२ साली भिवपुरीचे टाटांचे वीजगृह सुरू झाले. घाटावर अडविलेले पाणी वीज देऊन पाताळगंगेत आणि पेजेत उतरू लागले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. गिरण्यांचा अर्थशास्त्रज्ञ आणि रानातल्या जमातीचा समाजशास्त्रज्ञ यांना एकत्र यावयाचे असते, तर त्यांनी खोपोलीच्या स्थानकावर भेटावे असाच हा प्रदेश होता.

१९२१ साली के. टी. शाह अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी सी. एन. वकील यांचीही नियुक्ती झाली. दोन्ही विषयांची मिळून जी संस्था झाली ती ‘स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड सोशिऑलॉजी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९२४ साली गेडिस निघून गेले. त्यांच्या मुंबईतील कारकीर्दीबद्दल फार गोडवे गाण्याचे कारण नाही. शिस्तबद्ध अभ्यासक्रम, प्रबंधांची परंपरा, ग्रंथमाला यांपैकी त्यांनी मागे फारसे काही ठेवले नाही. दृष्टी होती, पण ती दुसऱ्याच्या हाती देता येईल अशा पद्धतीत उतरली नव्हती. हे काम डॉ. गो. स. घुर्ये यांनी केले.

घुर्ये मालवणचे, संस्कृतचे पदवीधर. गेडिस यांनीच निवड केल्यामुळे ते इंग्लंडला गेले. लंडनमध्ये हॉबहाउस यांच्याकडे त्यांचे मन रमले नाही, केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या हाताखाली ते आले. १९२२ साली रिव्हर्स अकस्मात वारले आणि हॅडन यांच्या देखरेखीखाली घुर्यांचा प्रबंध पुरा झाला. १९२४ मध्ये ते मुंबईस समाजशास्त्राचे प्रपाठक व विभागप्रमुख झाले, १९३४ मध्ये प्राध्यापक, आणि १९५९ मध्ये निवृत्त. ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १९३२ चा. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, आय. पी. देसाई, ए. आर. देसाई, के. एम. कापडिया ही सारी या विभागातून बाहेर पडलेली नावे आहेत. भारतीय समाजशास्त्राच्या इतिहासात एवढी फळे देणारा दुसरा विभाग दाखविणे कठीण. दुसऱ्या बाजूस वकील १९३० पासून अर्थशास्त्राची धुरा सांभाळू लागले आणि स्कूलचे संचालकही झाले. सार्वजनिक आयव्यय, चलन, व्यापार आणि पुढे नियोजन हे त्यांचे प्रांत. ‘बाँबे स्कूल’ म्हणून जी विचारपरंपरा ओळखली जाते ती त्यांच्यापासून दांतवाला, लकडावाला, ब्रह्मानंद यांच्यापर्यंत येते.

या दोन यशांपैकी एकालाही कमी लेखावयाचे नाही. तथापि, ती यशे एकमेकांपासून दूर जात मिळाली, हे नाकारता येत नाही. विद्यापीठाचे नियतकालिक १९३२ मध्ये सुरू झाले, त्यात इतिहास, अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचे अंक एकत्र निघत. पुढे घुर्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारतीय समाजशास्त्र परिषदेचे ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’ १९५२ मध्ये निघाले आणि वकिलांच्या पुढाकाराने ‘इंडियन इकॉनॉमिक जर्नल’ १९५३ मध्ये. एका संस्थेतून अवघ्या वर्षभराच्या अंतराने दोन अखिल भारतीय नियतकालिके निघावीत हे वैभवाचे लक्षण खरेच. पण एकाच्या वाचकाने दुसरे वाचण्याचे कारण उरले नाही, असाही त्याचा अर्थ होतो. पुढे दोन वेगळे विभाग झाले, ते म्हणजे आधीच झालेल्या वाटणीवर मारलेला शिक्का होता.

वाटणी कोठे झाली हे समजण्यासाठी अभ्यासाचा घटक पाहावा. वकिलांनी संपादिलेल्या मालेत जी. सी. मुख्त्यार यांचा दक्षिण गुजरातेतील आटगामवरील ग्रंथ १९३० मध्ये आणि जे. बी. शुक्ल यांचा ओलपाड तालुक्यावरील ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. घटक गाव किंवा तालुका. मोजमाप जमीन, पीक, मजुरी, कर्ज यांचे. याउलट समाजशास्त्राच्या वळणाच्या ग्रंथांचा घटक जात किंवा जमात. ए. एन. वेलिंग यांचा ‘द कातकरीज’ हा १९३४ मधील ग्रंथ या वळणाचा आहे. घुर्यांचा ‘द महादेव कोळीज’ १९५७ चा, आणि एल. एन. चापेकर यांचा सह्याद्रीच्या ठाकरांवरील ग्रंथ १९६० चा. कर्जत-खालापूरच्या रानात राहणाऱ्या तिन्ही जमातींवर अशा रीतीने एकेक स्वतंत्र ग्रंथ झाला. तथापि, हे तिघे एकाच खोऱ्यात, एकाच सावकाराच्या वहीत आणि एकाच वनखात्याच्या हद्दीत राहतात, ही गोष्ट तीन ग्रंथ शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

आता कातकऱ्यांची स्थिती पाहू. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. सोन आणि ढोर या त्यांच्या दोन मुख्य शाखा. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव रानाची बंधने वाढली आणि काताचा धंदा बसत गेला. उरले ते कोळशाच्या भट्ट्यांचे काम, मासेमारी, सरपण विकणे आणि दुसऱ्याच्या खाचरात मजुरी. शेतकऱ्यासही रान लागत होतेच. भाताची रोपे करण्यापूर्वी राब भाजावयाचा, त्यासाठी झाडांच्या फांद्या हव्यात. या राबाच्या हक्कावरून ठाणे-कुलाब्यात इतकी ओरड झाली की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. शेतकऱ्याची तक्रार आयोगापर्यंत पोचली. कातकऱ्याच्या वाट्याला मात्र फार तर ‘दळी’ आली. दळी म्हणजे डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविण्यासाठी वनखात्याने दिलेला तुकडा. नोंद बहुधा नाईकाच्या म्हणजे वाडीच्या म्होरक्याच्या नावे, कसणारी कुटुंबे मात्र अनेक. ती कुटुंबे कोणती, हे सातबाऱ्याच्या वळणाने कळत नाही. त्यासाठी सोयरसंबंध माहीत असावा लागतो. दळीचा कागद अर्थशास्त्राच्या हातात आणि वंशावळ समाजशास्त्राच्या हातात, अशी वाटणी झाली की दळी दोघांनाही समजत नाही.

कर्जाचेही तसेच. डेव्हिड सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे मुंबई सरकारने १९३७ मध्ये डोंगरी जमातींच्या स्थितीची चौकशी सोपविली. त्यांच्या अहवालामुळे ठाणे जिल्ह्यातील ‘लग्नगडी’ हा शब्द सरकारदरबारी पोचला. लग्नाचा खर्च जमीनदाराने करावयाचा आणि तो फिटेपर्यंत नवऱ्या मुलाने, बहुधा त्याच्या बायकोनेही, जमीनदाराकडे राबावयाचे. या एका शब्दात विवाहसंस्था आणि वेठबिगारी अशा घट्ट विणलेल्या आहेत की, विवाहाच्या प्रकरणात तो घालावा की मजुरीच्या, असा प्रश्न पडावा. कर्जत-खालापुरात कोळशाच्या ठेकेदाराकडून किंवा त्याच्या मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ ही त्याचीच दुसरी आवृत्ती. पावसाळ्याच्या तोंडी किंवा लग्नकार्यासाठी उचल घ्यावयाची आणि सुगी संपताच बायकामुलांसह भट्टीवर, कधी घाटावर तर कधी थेट कर्नाटकापर्यंत जावयाचे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानेही ही प्रथा पूर्णतः मोडली नाही.

सायमिंग्टन यांच्या चौकशीच्या कक्षेत मात्र हे दोन तालुके आले नाहीत, आणि हे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांना पाहावयाचे होते ते ‘अंशतः वगळलेले प्रदेश’. १९३६ च्या आदेशातील त्या यादीत ठाणे जिल्ह्यातील डहाणू, शहापूर हे तालुके आणि मोखाडा, उंबरगाव हे पेटे होते. कुलाबा जिल्ह्यातील काहीच नव्हते. कर्जत हा १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये ठाण्याचा तालुका म्हणून वर्णिलेला आहे. १८९१ मध्ये तो कुलाब्यास जोडला गेला, आणि खालापूर त्याचाच पेटा होता. ठाण्यात राहिला असता तर तो यादीत आलाच असता असे नाही, कारण लगतचा मुरबाडही यादीत नव्हता. पण एकदा रेषा आखली गेली की ती टिकते. पुढे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रे ठरली तेव्हाही रायगड, म्हणजे १९८१ पूर्वीचा कुलाबा, बाहेरच राहिला. जमात केंद्र सरकारच्या ‘आदिम’ जमातींच्या यादीत, आणि तिची भूमी अनुसूचित क्षेत्राबाहेर, अशी विसंगती येथे आजही आहे.

या रेषेविषयी तात्त्विक वाद झाला तो व्हेरियर एल्विन आणि घुर्ये यांच्यात. आदिवासींना काही काळ वेगळे राखावे असे एल्विन यांचे म्हणणे. ते मागासलेले हिंदूच आहेत आणि त्यांचे दुःख वेगळेपणात नसून जमीन व कर्ज यांत आहे, असे घुर्यांचे. घुर्यांचा हा ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो प्रसिद्ध केला पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने. १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून निघालेल्या आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घडविलेल्या या संस्थेच्या नावात समाजशास्त्र नव्हते. तरी मुंबईच्या समाजशास्त्रज्ञाचा जमीन-कर्जाचा युक्तिवाद तिने छापला. पुढे इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनाचा अभ्यास १९५१ मध्ये मिळून प्रसिद्ध केला. तेथेही मानवशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची गाठ संस्थेच्या नावामुळे नव्हे, कामामुळे पडली. घुर्यांच्या मताचे मूल्यमापन हा वेगळा विषय आहे. आमच्या मते त्यांचे निदान अर्धे बरोबर होते. दुःख जमीन-कर्जात आहे हे खरे. पण ते नेमके कसे, हे दाखविण्यासाठी ज्या मोजमापाची गरज होती ते त्यांच्याच स्कूलच्या दुसऱ्या दालनात होत होते, आणि ते मोजमाप ठाकूरवाडी-कातकरवाडीपर्यंत क्वचितच पोचत होते.

खोरे अखंड पाहण्याचे काम विद्यापीठाबाहेरच्यांनी अधिक केले. व्ही. जी. रानडे यांची कोकणातील एका खेड्याची पाहणी १९२७ मध्ये प्रांतिक सहकारी संस्थेने प्रसिद्ध केली. तिच्या नावातच ‘सामाजिक व आर्थिक’ ही जोडी होती. ना. गो. चापेकरांचे ‘बदलापूर’ १९३३ चे. चापेकर न्यायखात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे गाव उल्हासच्याच काठी, कर्जतच्या वाटेवर. घरे, शेते, देणी, सण, बोली, जाती हे सर्व एका गृहस्थाने मराठीत एका ग्रंथात आणले. मराठीत लिहिल्यामुळे त्याची दखल दोन्ही विभागांच्या इंग्रजी वाङ्मयात हवी तेवढी घेतली गेली नाही, ही खंत येथे नोंदविल्यावाचून राहवत नाही.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा खुद्द कर्जत तालुक्यातला. कशेळे येथील ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेने आदिवासी वाड्यांवर धान्यबँका चालविल्या. पावसाळ्यात धान्य संपते तेव्हा सावकाराकडे न जाता बँकेतून उचलावयाचे आणि सुगीनंतर परत घालावयाचे, ही पद्धत उचलीच्या मुळावर घाव घालणारी होती. या संस्थेचे राजीव खेडकर आणि कॅनडातील मानवशास्त्रज्ञ डॅनियल बकल्स यांनी बन्सी घेवडे यांच्या सहकार्याने लिहिलेला ‘फायटिंग एव्हिक्शन’ हा ग्रंथ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा विषय कातकऱ्यांच्या घराखालची जमीन. पिढ्यान्पिढ्या वसलेल्या अनेक कातकरवाड्या दुसऱ्याच्या खासगी मालकीच्या जमिनीवर आहेत आणि त्यांना गावठाणाचा दर्जा नाही. मजूर जवळ असावा म्हणून मालकाने एके काळी त्यांना राहू दिले. शेतघरांसाठी आणि वसाहतींसाठी कर्जत-खालापुरात जमिनीला भाव आला, तेव्हा तीच वाडी मालकास अडचण वाटू लागली आणि कुंपणे पडू लागली. ग्रंथकर्त्यांनी वाडीतील लोकांनाच बरोबर घेऊन नकाशे केले, नोंदी तपासल्या, गावठाणाचे अर्ज तयार केले. १९४८ च्या कूळकायद्यात राहत्या घराच्या जागेस संरक्षण देणारी कलमे आहेत. पण कूळकायद्यावरील चर्चेचा भर सदैव कसणाऱ्याच्या शेतावर राहिला, आणि जमातींवरील ग्रंथांत घराचे वर्णन कुडाच्या भिंती व छप्पर यांपाशी थांबले. घराखालची जमीन दोन्हींच्या मधून निसटली होती.

दळीचा प्रश्न याच काळात नव्या रूपाने पुढे आला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करता येतो. या कायद्याच्या २००८ पासून अमलात आलेल्या नियमांत, दाव्यासाठी ग्राह्य धरावयाच्या पुराव्यांमध्ये जुन्या सरकारी नोंदींबरोबर वंशावळीचाही समावेश आहे : जुन्या नोंदीत ज्याचे नाव आले त्याच्याशी आजच्या दावेदाराचे नाते जोडून दाखविणारी वंशावळ. घुर्यांचे गुरू रिव्हर्स १८९८ मध्ये टॉरिस सामुद्रधुनीच्या मोहिमेवर गेले असताना त्यांनी वंशावळी टिपण्याची जी पद्धत सिद्ध केली, ती मुंबईत घुर्यांबरोबर आली होती. आज कर्जत-खालापूरच्या वाडीत एका हाती नाईकाच्या नावाचा दळीचा कागद आणि दुसऱ्या हाती त्या नाईकाच्या चार पिढ्यांची नावे घेऊन कार्यकर्ते बसतात, आणि दोन्ही कागद एका फायलीत बांधून वनहक्क समितीपुढे ठेवतात.